बाटली जप्त झाली, पण ती आम्ही प्यायलो नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या वाचकांच्या पत्रांत पुण्याच्या एका निवृत्त गृहस्थांचं पत्र होतं. सिंगापूरहून निघणाऱ्या क्रूझवर चढताना त्यांची व्हिस्कीची बाटली तपासणीत काढून घेतली. बाटली चांगी विमानतळावरच्या ड्यूटी फ्रीमधली, पिशवी सीलबंद, पावती खिशात. तरी घेतली. ही दिवसाढवळ्या लूट आहे, असं त्यांचं म्हणणं. इथपर्यंत मी चहाचे घोट घेत निवांत वाचत होतो. पण शेवटी त्यांनी लिहिलंय, "ती बाटली त्याच रात्री कर्मचाऱ्यांनी रिचवली असणार, हे सांगायला ज्योतिषी नको." या एका वाक्यासाठी पेन हातात घेतलं.

मी बांद्याचा, तालुका सावंतवाडी. नोकरीची सगळी वर्षं बोटीवर गेली. ग्लास गोळा करण्यापासून सुरुवात, मग बार वेटर, बारटेंडर आणि शेवटी बारचा स्टोअरकीपर. अमेरिकेतली मायामी, फोर्ट लॉडरडेल, गॅल्व्हेस्टन ही आमची बंदरं. कंपनीचं नाव लिहीत नाही. पेन्शन मिळत नसली तरी तिचं मीठ खाल्लंय. आमच्या भागातली आणि पलीकडे गोव्यातली कितीतरी पोरं आजही या बोटींवर आहेत. त्यांच्या आईवडिलांनी ते पत्र वाचलं असेल, म्हणून त्यांच्या वतीनेही लिहितो.

जप्त बाटलीचं काय होतं ते माझ्या बोटीपुरतं सांगतो. पहिल्या दिवशी, बोट सुटण्याआधी पकडलेली कडक दारू परत मिळणार नाही, हे तिकिटाच्या अटींत छापलेलं असायचं. ती बाटली सिक्युरिटीच्या कुलूपबंद खोलीत जायची. दुसऱ्या दिवशी दुपारी, बारला गर्दी नसताना, सिक्युरिटीचा एक आणि स्टोअरचा एक असे दोघे वही उघडून बसायचे. केबिन नंबर, ब्रँड, बाटली भरलेली की फोडलेली, सगळं लिहायचं आणि एकेक बूच उघडून पँट्रीच्या सिंकमध्ये ओतायचं. अठरा वर्षं मुरलेली सिंगल माल्ट असो की दहा डॉलरची व्होडका, सिंकला सगळ्या सारख्याच. पंधरा-वीस बाटल्या ओतून झाल्या की वासाने डोळे चुरचुरायचे. माझ्याबरोबर कारवारचा एक जण असायचा, तो चांगली बाटली निघाली की ओतताना तोंड दुसरीकडे फिरवायचा. मग रिकाम्या बाटल्या काच फोडायच्या यंत्राकडे, वहीवर दोघांच्या सह्या, आणि वही सिक्युरिटी ऑफिसरच्या टेबलावर. त्या वहीतली एक ओळ जरी जुळली नाही तरी दोघांची नोकरी गेली असती. पुण्याच्या साहेबांच्या एका बाटलीसाठी कोण कशाला नोकरी लावून देणाऱ्या एजंटसाठी काढलेलं कर्ज फेडत असताना सीडीसीवर, म्हणजे खलाशाच्या नोकरीच्या नोंदपुस्तकावर, डाग लावून घेईल?

आणि प्यायचं म्हटलं तरी प्यायचं कसं? समुद्री नोकरीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत २०१० साली मनिलाला दुरुस्ती झाली. बोटीवर सुरक्षेची जबाबदारी असलेल्या माणसाच्या रक्तात ०.०५ टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असता कामा नये, ही मर्यादा तेव्हापासूनची. कंपन्यांची मर्यादा बहुधा त्याहून कडक. दिवसा पेपर अंब्रेला लावून पिना कोलाडा देणारा पोरगा आणीबाणीचा भोंगा वाजला की लाइफबोटीजवळ दीडशे माणसांची हजेरी घेत उभा राहतो, म्हणून त्यालाही ती लागू. रात्री दोन वाजता केबिनचं दार ठोठावून नळी तोंडात देतात. आकडा चुकला तर पुढच्या बंदरावर बॅग भरा. आमच्या केबिनमध्ये कडक दारूची बाटली ठेवायलाच बंदी होती. प्रवाशाची बाटली काढून घेणाऱ्या माणसालाही स्वतःची बाटली ठेवता येत नाही, एवढं तरी त्या गृहस्थांनी लक्षात घ्यावं.

आता लुटीचा मुद्दा. इथे मी थोडा त्यांच्या बाजूने आहे, त्यामुळे माझे जुने सहकारी रागावतील.

कंपन्या म्हणतात हा नियम प्रवाशांच्या सुरक्षेसाठी. अर्धं खरं आहे. अर्धं गल्ल्यासाठी आहे आणि ते कुणी तोंडावर सांगत नाही. क्रूझचं तिकीट जेवढं स्वस्त दिसतं तेवढं ते का स्वस्त असतं याचा विचार करा. कार्निव्हलसारख्या मोठ्या कंपनीच्या उत्पन्नात साधारण एक तृतीयांश वाटा तिकिटाबाहेरचा असतो: बार, कॅसिनो, स्पा, बंदरावरच्या सहली. तिकिटात तुम्हाला बोलवायचं आणि बोटीवर कमवायचं, असा हा धंदा. मंगल कार्यालयवाला बाहेरचा केटरर आत घेत नाही, त्याला आपण लूट म्हणत नाही. कुरकुरतो आणि हॉल बुक करतो. पण तो निदान बुकिंगच्या वेळी सांगतो. खरी गोम तिथे आहे, तिच्याकडे पुढे येतो.

सुरक्षेचं जे अर्धं खरं आहे, तेही सांगितलं पाहिजे. बारमध्ये पिणारा माणूस आमच्या डोळ्यांसमोर असतो. जीभ जड झाली, तेच वाक्य तिसऱ्यांदा बोलू लागला, की त्याचा पेग हळूच पातळ होतो, मग पाणी येतं, मग "सर, किचन बंद होण्याआधी पिझ्झा आणू का?" हे आम्हाला शिकवलेलं असतं. केबिनमध्ये बाटली घेऊन बसलेला माणूस कुणालाच दिसत नाही, आणि त्या केबिनला बाल्कनी असते. अमेरिकेने २०१० साली क्रूझ सुरक्षेचा कायदा केला तेव्हा कठडा किमान ४२ इंचांचा हवा असं त्यात घातलं. साधारण माणसाच्या कमरेच्या जरा वर. शुद्धीतल्या माणसाला तो पुरतो. दुसरं म्हणजे पोरं. अमेरिकी बंदरातून सुटणाऱ्या बोटीवर २१ वर्षांखालच्याला दारू मिळत नाही. गोव्यात १८ व्या वर्षी मिळते, त्यामुळे आपल्याकडच्या बापांना वाटतं, पोरगं एकोणीस वर्षांचं आहे, देऊ थोडी केबिनमध्ये. पोरगं ती बाटली घेऊन मित्रांबरोबर वरच्या डेकवर जातं. बाप खाली शो बघत असतो.

एवढं सगळं मान्य केलं, तरी प्रवचन कुणी द्यावं याला काही मर्यादा आहे. त्याच कार्निव्हलच्या ड्रिंक पॅकेजमध्ये चोवीस तासांत पंधरा पेगांपर्यंत मुभा आहे. पंधरा! शिवाय एका केबिनमधल्या एका मोठ्या माणसाने पॅकेज घेतलं तर दुसऱ्यानेही घ्यायचं, म्हणजे सौभाग्यवती फक्त लिंबूसोडा पिणाऱ्या असल्या तरी पैसे पूर्ण. ज्याने पंधरा पेग आगाऊ विकले त्याने एका बाटलीकडे बोट दाखवून सुरक्षा सुरक्षा म्हणू नये. सरळ म्हणावं, आमचा बार चालला पाहिजे. माणसं समजूतदार असतात, ऐकून घेतात.

सगळ्या कंपन्या सारख्या नाहीत, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं. कार्निव्हल २१ वर्षांवरच्या प्रत्येकाला बोटीवर चढताना वाइनची ७५० मिलिची एक बाटली हातातल्या बॅगेतून नेऊ देते. डायनिंग रूममध्ये ती उघडायला सांगितली की कॉर्केज, म्हणजे बाहेरची बाटली उघडून देण्याचे पैसे, १५ डॉलर. डिस्नेच्या बोटीवर मोठ्या माणसाला चढताना थोडी वाइन किंवा बिअर नेता येते. ब्रिटनच्या पी अँड ओमध्ये माणशी एक लिटर, त्यात व्हिस्कीसुद्धा चालते. वायकिंगला तर तुमच्या बाटलीचं काही वाटत नाही, कॉर्केजही नाही. चारही जण एकाच समुद्रावरून जातात. तेव्हा 'समुद्रावर हे चालतच नाही' असं जर तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर ते खरं नव्हे. त्या कंपनीत चालत नाही, इतकंच. पुण्याच्या गृहस्थांनी दुसरी बोट निवडली असती तर कदाचित त्यांची बाटली त्यांच्या टेबलावर उभी असती.

नियम पूर्वी इतके जाचक नव्हते. मी लागलो तेव्हा लोक खोक्यातून बिअर आणायचे आणि गँगवेवरचा, म्हणजे धक्क्यावरून बोटीत चढायच्या पुलावरचा, माणूस गुड मॉर्निंग म्हणायचा. न्यूयॉर्कच्या हल्ल्यानंतर जहाजांच्या सुरक्षेची नवी संहिता आली, १ जुलै २००४ पासून ती लागू झाली आणि प्रत्येक बॅग एक्स-रेतून जाऊ लागली. यंत्र शोधत होतं शस्त्रं, पण पडद्यावर बाटलीही दिसते. पाठोपाठ इस्त्री, किटली, मेणबत्तीही दिसू लागली. आगीपेक्षा बोटीला कशाची भीती वाटत नाही, त्यामुळे त्या वस्तू काढतात ते योग्यच. आपल्या मंडळींच्या बॅगांत मात्र चहाची किटली हमखास. "फक्त गरम पाण्यासाठी हो," असं मराठीत ऐकू आलं की मी लांबूनच ओळखायचो, गाववाले आले.

एक्स-रे आला तशी माणसंही हुशार झाली. माउथवॉशच्या बाटलीत व्होडका आणि वर हिरवा खाण्याचा रंग. शाम्पूची बाटली. धातू नसलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, खास या कामासाठी अमेरिकेत विकायला असतात. दुर्बिणीच्या आकाराचा फ्लास्कही पाहिला, एका डोळ्यात रम, दुसऱ्यात जिन. पाण्याच्या बाटलीचं झाकण सीलसकट पुन्हा बसवण्याची युक्ती तर इतकी बोकाळली की २०१५ साली कार्निव्हलने बाहेरून बाटलीतलं पाणी आणि सोडा आणायलाच बंदी केली. कॅन आणि खोकी चालतील, बाटली नको. म्हणजे चारजणांनी चलाखी केली आणि औषधाच्या गोळ्यांसाठी पाण्याची बाटली बाळगणाऱ्या आजीबाईंची अडचण झाली. पकडला गेलेला चलाख माणूस ती गोष्ट पुढे पार्टीत रंगवून सांगतो. बार वेटरचा पगार मात्र मुख्यतः बिलावरच्या सर्व्हिस चार्जमधून निघतो, आमच्या वेळी १५ टक्के, पुढे १८. त्याच्या विभागातले लोक केबिनमध्ये प्यायले की त्याच्या हाती महिन्याच्या शेवटी कमी पडतात. त्याला काही त्या गोष्टीचं हसू येत नाही.

एक प्रसंग आठवतो. फोर्ट लॉडरडेलला प्रवासी चढत होते आणि मला गँगवेवर बोलावणं आलं. आमच्या सिक्युरिटीत नेपाळचे माजी गुरखा सैनिक होते, फार सरळ माणसं. त्यांच्यातला एक तपकिरी बाटली नाकाशी धरून उभा, समोर नऊवारीतल्या सत्तरीच्या बाई आणि त्यांचा अमेरिकेतला मुलगा. बाटली द्राक्षासवाची. "जेवणानंतर दोन चमचे घेते हो, पचनासाठी," बाई म्हणाल्या. गुरख्याने मला लेबल वाचायला सांगितलं. लेबलवर बारीक अक्षरात छापलेलंच असतं की यात आपोआप तयार झालेलं अल्कोहोल आहे, आणि टक्केवारीही असते. वाइनच्या जवळपास! मी ते इंग्रजीत सांगितलं तर बाटली गेली. न सांगितलं तर माझी लबाडी. मी सांगितलं. बाई माझ्याकडे अशा बघायला लागल्या की गाववाला म्हणून आला आणि चुगली केली. सिक्युरिटी ऑफिसरने दोन मिनिटं विचार केला आणि बाटली बोटीवरच्या दवाखान्यात ठेवायला सांगितली. रोज दोन्ही जेवणांनंतर बाईंनी तिथे जाऊन नर्सकडून दोन चमचे घ्यायचे. आठवडाभर त्या सूनबाईंना घेऊन लिफ्टने खाली जात राहिल्या. शेवटी त्यांची आणि त्या फिलिपिनो नर्सची इतकी गट्टी जमली की उरलेल्या अर्ध्या बाटलीतले दोन चमचे नर्सनेही घेऊन पाहिले म्हणे. तेव्हा ज्यांना आसवं-अरिष्टं चालू आहेत त्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवावी, इंग्रजीत.

पुण्याच्या पत्रात आणखी एक घोळ आहे. त्यांच्या मागच्या केबिनवाल्यांना पेनांगला घेतलेली बाटली परत मिळाली आणि यांना नाही, म्हणून त्यांना पक्षपात वाटला. तो पक्षपात नव्हे. वाटेतल्या बंदरावर किंवा बोटीवरच्या दुकानात घेतलेली बाटली बहुतेक कंपन्या जमा करून चिठ्ठी देतात आणि शेवटच्या संध्याकाळी केबिनमध्ये पोचवतात. त्या संध्याकाळी आमची ढकलगाडी काय भरलेली असायची! कोझुमेलची टकिला, नासाऊची रम, सेंट थॉमसच्या पेट्या. प्रत्येकीच्या गळ्यात केबिन नंबर. गडबड अशी की मोठ्या बॅगा त्याच रात्री दाराबाहेर ठेवायच्या असतात, त्यामुळे बाटल्या राहतात हातात. विमानाच्या केबिनमध्ये १०० मिलिच्या वर द्रव नेता येत नाही. मग सकाळी धक्क्यावर, टॅक्सीच्या रांगेशेजारी, भली भली माणसं गुडघ्यावर बसून सूटकेस उघडतायत आणि टकिला जीन्समध्ये गुंडाळतायत, हे दर आठवड्याचं दृश्य. गॅल्व्हेस्टनला तर टर्मिनलमध्येच टेक्सासच्या दारू खात्याचं टेबल लावलेलं असतं, मेक्सिकोहून आणलेल्या बाटलीवर राज्याचा कर तिथेच भरा.

ते टेबल पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आमच्या इन्सुलीच्या नाक्याची आठवण झाली होती. बांद्याजवळ राज्य उत्पादन शुल्कवाले गाड्या थांबवतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात 'गोवा बनावटीची दारू जप्त' ही बातमी येते. ती छापून छापून तुमच्या कंपोझिटरला पाठ झाली असेल. हे आता इथे सांगायचं कारण, मुंबईहून गोव्याला क्रूझने जाऊन येणारे वाढलेत आणि त्यातल्या अनेकांची समजूत अशी की बोटीने आलो म्हणजे दोन लिटर दारू करमुक्त आणायची सवलत आहेच. दोन लिटर परदेशातून येणाऱ्याला. गोवा परदेश नाही, १९६१ पासून नाही. गोव्यातल्या बाटलीवर गोव्यातच विक्रीसाठी असं छापलेलं असतं, आणि ती परवान्याविना महाराष्ट्रात आणणं हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, मग ती इन्सुलीला रिक्षातून उतरो की बॅलार्ड पियरला बोटीतून. पुण्याच्या गृहस्थांची सिंगापूरची बाटली मात्र मुंबईपर्यंत राजरोस आली असती. घरी जाताना घेतली असती तर.

म्हणजे त्यांच्या तक्रारीतून लूट वजा केली, पक्षपात वजा केला, कर्मचाऱ्यांवरचा आळ वजा केला, तर एक गोष्ट उरते आणि ती सोळा आणे खरी आहे: त्यांना कुणी सांगितलं नाही. सहल विकणाऱ्या एजंटने त्यांना शाकाहारी जेवण सांगितलं, जैन जेवण सांगितलं, कॅसिनो सांगितला, समुद्र दिसणाऱ्या केबिनचे जास्तीचे पैसे सांगितले. कंपनीच्या अटी इंग्रजीत, चाळीस पानांच्या, पैसे भरल्यावर ईमेलने. विमानतळावर सोबतच्या टूर मॅनेजरसमोर त्यांनी बाटली घेतली आणि तो म्हणाला, "घ्या की काका, स्वस्त आहे." हे त्यांच्याच पत्रात आहे. माझा राग त्या टूर मॅनेजरवर आहे. बोटीच्या दारात तपासणीच्या रांगेत उभा असलेला गुरखा किंवा गोव्याचा पोरगा नियम करत नाही, त्याला फक्त शिव्या खाव्या लागतात, आणि मराठीत दिलेल्या शिव्या आपल्या पोरांना समजतात.

शेवटी एक विनंती तुम्हालाही. तुमच्या रविवारच्या पुरवणीत शेवटच्या पानावर क्रूझच्या सहलींची पानभर जाहिरात असते. 'सर्व समाविष्ट' असं मोठ्या टायपात असतं, खाली तारांकित चांदणी आणि तिच्यापुढे मुंगीएवढी अक्षरं. त्या अक्षरांत दारू समाविष्ट नाही असं असतं, मी भिंग घेऊन पाहिलंय. जाहिरातदार तुमचं गिऱ्हाईक आहे, त्याला दुखवता येत नाही, हे मी बारमागे उभा राहिलेला माणूस असल्याने जाणतो. पण त्याच टायपात त्याला दोन ओळी घालायला सांगा: बोटीवर स्वतःची दारू नेता येते की नाही, किती, कुठली, आणि बारमध्ये एका बिअरला किती पडतात. दर रुपयांत लिहा म्हणावं.

आपला,
बोटीवरून निवृत्त झालेला एक बारवाला
बांदा, ता. सावंतवाडी